नाक धरून म्हटलेली कविता

वर्शात्स, २८ नोव्हेंबर १९७६

आदरणीय विहीणबाई,

खण्ण. मग दगडावरून थोडं घरंगळल्याचा बारीक आवाज, आणि मग शांतता. आमच्या तळघराची वीतभर लोखंडी किल्ली फरशीवर पडली की असा आवाज व्हायचा. आई ती माझ्या सदऱ्यात मागून, थेट मानेपाशी सरकवायची. लोखंड थंडगार. मी शहारलो की ती पाठीवरून घसरत खाली यायची, आणि खण्ण. आई म्हणायची, "हललास? आता पुन्हा पहिल्यापासून." साठ वर्षं होऊन गेली. ती किल्ली नाही, तळघरही नाही. पण हा आवाज हल्ली रोज संध्याकाळी कानात का येतो, कोण जाणे. म्हातारपणी माणूस पुढचं ऐकत नाही आणि मागचं विसरत नाही, एवढंच असेल.

आता खुशाली. स्मिलिया मजेत आहे. माझा स्रेतेन आणि तुमची मिलियाना श्टुटगार्टला कामाला गेल्यापासून तिची काळजी मी डोळ्यांत तेल घालून घेतो आहे. तुम्हाला नात तुमच्याकडे समुद्रावर हवी होती, हे मी विसरलेलो नाही. पण नऊ वर्षांची पोर अशी बहरली आहे की तुम्ही पाहिलं तर ओळखणार नाही. कोशावा वाहू लागला आहे. या वाऱ्याला आमच्याकडे कोणी वारा म्हणत नाही, पाहुणा म्हणतात. एकदा आला की हलत नाही. पण माझ्या घरात तो शिरणार नाही. खिडक्यांच्या फटींत मी लोकरीचा नमदा ठोकला आहे, दारांना घोंगड्यांच्या वळकट्या लावल्या आहेत. प्रोमायाला, म्हणजे त्या दोन फटींतून आरपार जाणाऱ्या चोरट्या झोताला, आमच्याकडे बारीकशीही वाट नाही. आणि मधोमध माझी भट्टी. चाळीस वर्षं मी लोकांच्या खोल्या तापवायच्या भट्ट्या बांधल्या, त्यांतली ही शेवटची आणि सर्वांत देखणी, हिरव्या टाइलांची. स्मिलियाची खाट तिला अगदी टेकवून ठेवली आहे. पोर पावासारखी भाजून निघते.

संध्याकाळी मी तिला शाळेतल्या जुन्या कविता म्हणून दाखवतो. उशांचे अभ्रे मात्र सारखे थंड पाण्यात भिजवावे लागतात. बिटाचं सार फार सांडते कार्टी.

आपला व्याही,
तिहोमिर


पेरास्त, ९ डिसेंबर १९७६

व्याहीबुवा,

मलाही आई होती, आणि तिच्याकडेही किल्ली होती. पोराच्या मानेला थंड किल्ली जगात एकाच कारणासाठी लावतात. तुमचं म्हातारपण मध्ये आणू नका. आणि बिटाचं सार उशीवर कोण पितं?

स्मिलियाचा घोळणा फुटतो. किती वेळा? एका नाकपुडीतून की दोन्हींतून? हातापायांवर न आपटता काळेनिळे डाग दिसतात का? हिरड्यांतून रक्त येतं का? या चार प्रश्नांची उत्तरं आधी द्या, कविता मग.

तुम्ही काय करत असाल, ते इथे बसून मला दिसतंय. डोकं मागे, हात वर, मानेवर किल्ली, आणि बापुडी पोर घटाघट रक्त गिळते. मग तिला मळमळतं, आणि तुम्ही म्हणता, सार बाधलं. माझे यजमान जहाजावर होते, तुम्हाला माहीतच आहे. तिथल्या डॉक्टरकडून ते शिकून आले आणि माझ्या तिन्ही पोरांवर ते चाललं. नीट वाचा. पोरीला सरळ बसवायचं. डोकं पुढे झुकवायचं, मागे नाही. तोंडाने श्वास. नाकाचा खालचा मऊ भाग, जिथे हाड संपतं तिथून खाली, दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरायचा. दहा मिनिटं. तोंडात आलेलं थुंकायचं, गिळायचं नाही.

आणि त्या भट्टीला टेकवलेली खाट आज रात्रीच्या आत लांब करा. खोलीत हवा आहे का काही, की नुसता धूर आणि अभिमान? खिडकी उघडत जा.

मी अजून मिलियानाला कळवलेलं नाही. अजून.

याग्लिका


वर्शात्स, २० डिसेंबर १९७६

विहीणबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग पुन्हा काढलं.

उत्तरं: आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. बहुतेक डावीकडून. डाग नाहीत, हिरड्या चांगल्या. मी लपवलं, कारण तुम्ही पहिल्याच गाडीने तिला मागवून घेतलं असतं. हे खरं की नाही, तुम्हीच सांगा.

पण तुम्ही माझ्या भट्टीला बोललात. या गावात माझ्या भट्टीने कुणाचं डोकंसुद्धा दुखलेलं नाही. दोष आहे तो प्रोमायाचा. कुठली तरी फट माझ्या नजरेतून सुटली आहे, तिथून झोत येतो आणि पोरीच्या नाकावर बसतो. मी ती शोधतो आहे. मेणबत्ती घेऊन भिंतीभिंतीशी फिरतो; स्मिलिया म्हणते, "आजोबा, भूत पकडताय का?" खिडकी उघडायची, तीही कोशाव्यात, हे फक्त तुमच्यासारखी समुद्राकाठची बाईच लिहू जाणे.

नाक धरायचं ते मात्र करून पाहिलं. दहा मिनिटं म्हणजे काय, ते पोरीचं नाक धरून बसल्याशिवाय कळत नाही. घड्याळाकडे पाहावं तर काटा हलत नाही. ती चुळबुळ करते. म्हणून मी कविता सुरू केली, ती बर्फातल्या नावाड्याची, आम्हाला चौथीत होती. दान्यूब गोठते आहे आणि पलीकडच्या काठावर वैद्याची वाट पाहणारं घर आहे. लांबलचक आहे. मास्तरांनी आम्हाला ती उभं राहून पाठ करायला लावली होती, आणि मधे कोण चुकलं की सगळा वर्ग पुन्हा पहिल्यापासून.

नदी म्हणाली नावाड्याला, नको निघू तू आज,
माझंच पाणी माझं नाही, बर्फाचं त्यावर राज.

स्मिलिया नाक दाबलेल्या आवाजात मागून म्हणते, "ददी बणाली दावाड्याला, दको दिघू तू आज." परवा तर म्हणाली, "आजोबा, दाक सोडा, बला हसू येतंय." मी प्रत्येक कडव्यानंतर हात काढून बघतो, थांबलं का. थांबलेलं नसतं. म्हणजे तुमचा उपायही माझ्या किल्लीइतकाच.

तिहोमिर


पेरास्त, ४ जानेवारी १९७७

व्याहीबुवा,

कडव्याकडव्याला उकरून बघताय? मातीत लावलेलं बी रोज उकरून बघितलं तर ते उगवतं का? नाक धरल्यावर मधे सोडायचं नाही. बिलकूल. आत गुठळी धरत असते, तुम्ही तीच सारखी मोडताय. कविता पूर्ण म्हणा, मग हात काढा. तुमच्या मास्तरांना हे बरोबर कळलं होतं.

आणि माझा संशय आहे, तुम्ही हाड धरताय. पुरुष नेहमी हाड धरतात. बोटं खाली घ्या. थांबल्यावर त्या दिवशी शिंकरायचं नाही, गरम सूप नाही, उड्या नाहीत, आणि नाकात बोट तर कधीच नाही. नखं काप. (मी स्मिलियाला लिहिते आहे; तुम्ही वाचून दाखवा.) नाकाच्या आत कडेला वॅसलीनचं बोट फिरवा, झोपताना. पूर्ण कविता म्हणूनही थांबलं नाही, पुन्हा एकदा म्हणूनही थांबलं नाही, तर कविता सोडायची आणि पोरीला घेऊन दवाखाना. डोक्यावर पडली असेल, चक्कर येत असेल, तर पहिल्या कडव्याचीसुद्धा वाट पाहायची नाही.

एकदा डॉक्टरांना दाखवा. मी सांगितलं म्हणून नाही, तर तुमच्या भट्टीची बाजू मांडायला कोणी वकील हवा म्हणून.

इथे सलग पाऊस. भिंतींना ओल, माझ्या गुडघ्यांना ओल. घरात मी आणि घड्याळ. यजमान गेल्यापासून मी या खाडीबाहेर पाऊल टाकलेलं नाही आणि टाकणारही नाही. पण नात इथे असती तर तिचं नाक इथल्या ओल्या हवेत दोन दिवसांत सुधारलं असतं. एवढंच म्हणते.

याग्लिका


वर्शात्स, २५ जानेवारी १९७७

विहीणबाई,

उशीर झाला. लिहायला हात धजत नव्हता.

आठ मार्चच्या महिलादिनाला शाळेत मुलं आयांसमोर कविता म्हणतात. स्मिलियाची निवड झाली होती. मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, अचानक सांगायचं म्हणून. मागच्या गुरुवारी तालमीत, सगळ्या वर्गासमोर, तिचा घोळणा फुटला. पांढऱ्या शर्टावर. पोरं ओरडली. कोणी तरी तिचं डोकं मागे धरलं, कोणी ओला रुमाल कपाळावर ठेवला. तिने सांगितलं, "पुढे वाकायचं असतं, मागे नाही," तर कोणी ऐकेना. नऊ वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं? शेवटी तिच्या वर्गाच्या बिसेनिया बाईंनी तिचं नाव कार्यक्रमातून काढलं. मला म्हणाल्या, "आजोबा, मुलीची दया येते, पण सगळ्या आया समोर, पांढरे कपडे, फुलं... तुम्ही समजून घ्या."

स्मिलिया घरी आली, शर्ट स्वतः थंड पाण्यात टाकला, नखं कापली आणि म्हणाली, "आता माझ्या नाकात कोणीच बोट घालत नाही. मग ते अजून का फुटतं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दिव्याने नाकात पाहिलं. मधल्या पडद्याच्या पुढे बारीक शिरा असतात, तिथली कातडी कोरडी पडून तडकली आहे म्हणाले. बाकी पोर ठणठणीत. मग मला विचारलं, "झोपते कुठे?" मी भट्टीबद्दल सांगितलं. अभिमानानेच सांगितलं, सवय जात नाही. खिडक्यांबद्दल सांगितलं, नमद्याबद्दल सांगितलं. त्यांनी दिवा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आजोबा, तुम्ही पोरीला सुकवताय. आम्ही मिरच्या सुकवतो तसं."

दोन हात लांब केलेल्या खाटेवर ती आत्ता झोपली आहे आणि मी भट्टीकडे पाठ करून लिहितो आहे.

तिहोमिर


पेरास्त, ६ फेब्रुवारी १९७७

व्याहीबुवा,

मी मिलियानाला लिहिलं. तिचं उत्तर आलं. तिला तुम्ही दोष देऊ नका, ती तिकडे कारखान्यात रात्रपाळ्या करते आणि पोरीच्या शर्टाबद्दल वाचून रडते. ठरलं ते असं: माझ्या भावाचा मुलगा क्रस्तो अकरा मार्चला वर्शात्सला येईल आणि स्मिलियाला इकडे घेऊन येईल. शाळेचं वर्ष ती इथे पुरं करेल. क्रस्तोला तिचा जाड कोट आणि पुस्तकं तयार ठेवा.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही तिला जीव लावता, हे मला कळतं. पण जीव लावून हवा ओली होत नाही.

याग्लिका


वर्शात्स, २० फेब्रुवारी १९७७

विहीणबाई,

अकरा मार्च. ठीक. शब्द दिला की पाळतो. कोट तयार असेल.

पण जायच्या आधी पोर या घरात कशी राहते आहे, ते तुम्हाला कळलंच पाहिजे. भीक मागत नाही. जे केलं ते सांगतो आहे, आणि मान ताठ ठेवून सांगतो आहे.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी भट्टी विझवली. दोन दिवस थंड होऊ दिली. मग वरच्या ओळीतल्या दोन हिरव्या टाइला, मीच बसवलेल्या, मीच काढल्या. आतला माथा थोडा खाली घेतला, त्यावर मातीचा थर दिला आणि तिथे तांब्याचं परातीएवढं भांडं बसवलं, असं की ते ज्वाळेला टेकत नाही, नुसतं ऊब घेतं. पाणी उकळत नाही, हळू हळू वाफेच्या रूपाने खोलीत येतं. वरून जाळीचं झाकण, म्हणजे पोरीला हात भाजायला नको. काठाला मी टाइलांचाच हिरवा रंग दिला. चाळीस वर्षांत ही युक्ती मला सुचली नव्हती. लोक भट्टीवर पाण्याचं पातेलं ठेवतात, ते वेगळं. हे भट्टीचाच भाग आहे. बघायला या, नाही तर क्रस्तोला दाखवीन. या घरात तुम्ही आजवर आला नाहीत, त्यामुळे तुम्ही जिला शिव्या घालता ती भट्टी तुम्ही पाहिलेलीच नाही.

आणि खिडकी. नमदा काढला. सकाळी आणि झोपायच्या आधी मी खिडकी उघडतो, दार मात्र बंद ठेवून. एवढी सवलत प्रोमायाला जन्मभर भ्यालेल्या माझ्या आजीच्या आत्म्याला द्यायला हवी. पहिल्या दिवशी समोरची ल्युबिंका म्हातारी रस्त्यावर उभी राहून ओरडली, "तिहोमिर, खिडकी उघडी राहिली का रे?" मी म्हटलं, "नाही, उघडलीय." तिने क्रूसाची खूण केली आणि घरी जाऊन सुनेला सांगितलं, बिचाऱ्याचं डोकं गेलं. आता ती रोज त्या वेळेला बघायला येते, मी मेलो का ते.

अभ्रे कोरडे आहेत, विहीणबाई. गेल्या दोन आठवड्यांत फक्त एकदा फुटला, तोही फुटबॉलमध्ये कोपर लागून. तिने स्वतः नाक धरलं, स्वतः कविता म्हटली, मी पलंगावर नुसता ऐकत होतो. एका ठिकाणी मी पुढची ओळ बोलून गेलो तर म्हणते, "आजोबा, गप्प. बाझं दाक आहे." पूर्ण कविता आता तिला मुखोद्गत आहे. मास्तरांना आम्हा वर्गभर पोरांकडून जे वर्षभरात जमलं नाही, ते या नाकाने तीन महिन्यांत करून घेतलं.

बिसेनिया बाईंकडे मी गेलो. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्या म्हणाल्या, "बरं, पण लहानशी कविता. चार ओळींची." स्मिलिया म्हणाली, "चार ओळींत काहीच थांबत नाही, बाई." बाईंना ते कळलं नाही, पण तिचं नाव पुन्हा लिहिलं.

तिहोमिर


पेरास्त, १ मार्च १९७७

व्याहीबुवा,

टाइला काढल्यात हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीशी उभी राहिले. तुमच्या स्वभावाचा माणूस टाइला काढतो, म्हणजे काय ते मला कळतं. बोलून दाखवायची मला सवय नाही.

पाणी रोज बदला, साचलेलं पाणी वास मारतं. वॅसलीन चालू ठेवा. स्टेजवर जायच्या आधी तिने नाक शिंकरू नये, हलकेच पुसावं.

मला "बघायला या" म्हणू नका. मी या खाडीतून हलणारी बाई नाही, मागेच सांगितलं. क्रस्तो अकराला दुपारच्या गाडीने पोहोचेल. ठरलेलं ठरलेलं.

याग्लिका


तार. वर्शात्स, ८ मार्च १९७७

पूर्ण म्हणाली. एकही कडवं गाळलं नाही. बाकी पत्रात. तिहोमिर


वर्शात्स, ११ मार्च १९७७

विहीणबाई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, क्रस्तोच्या हातात देईन, स्मिलियाबरोबर. कोट खुंटीला आहे. पुस्तकं बांधली आहेत. ती माझ्या पायाशी बसून बुटांच्या नाड्या बांधते आहे आणि मुद्दाम सोडते आहे. तेवढ्या वेळात लिहून टाकतो.

शाळेचा मोठा हॉल. आया पुढे, आजी-आजोबा मागे, प्रत्येक आईच्या हातात लाल कार्नेशनचं फूल. स्मिलियाची आई नव्हती, म्हणून तिचं फूल माझ्या हातात होतं. पांढरा शर्ट, निळी टोपी, गळ्यात लाल रुमाल. तिच्या आधी सहा मुलांनी चार-चार ओळी म्हटल्या आणि टाळ्या घेऊन बसली. मग ही पुढे आली. बिसेनिया बाई विंगेतून बोटांनी चार दाखवत होत्या. हिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही आणि सुरू केलं: नदी म्हणाली नावाड्याला. स्वच्छ, खणखणीत आवाज. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने पाठ ताठ केली. त्यालाही चौथीत असावी ती.

पाचव्या-सहाव्या कडव्यात मला दिसलं. डाव्या नाकपुडीखाली एक थेंब. हॉल गरम होता, शंभर माणसं, बंद खिडक्या. मी उठलो. खुर्ची वाजली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली: नाही. मी उभाच राहिलो.

विहीणबाई, ती पळाली नाही. रडली नाही. डोकं मागे नेलं नाही. स्टेजच्या पायरीवर नीट बसली, गुडघ्यांवर कोपरं टेकवली, पुढे वाकली, आणि नाक धरलं. मऊ भाग. हाड नाही. मग कविता जिथे थांबली होती, तिथून पुढे सुरू केली. "दावाडी बणाला ददीला, बाझी दाव आहे जुदी..."

आधी मुलं हसली. मग मोठी माणसंही थोडी. बिसेनिया बाई पडद्याकडे धावल्या, पडदा पाडायला, तर पुढच्या रांगेतल्या एका बाईने, कोण होती मला माहीत नाही, मोठ्याने सांगितलं, "थांबा बाई, पोरगी म्हणतेय." आणि हसणं थांबलं. कारण ती थांबतच नव्हती. कडव्यामागून कडवं. बर्फ कडकडतो, वल्हं मोडतं, पलीकडच्या खिडकीत दिवा. म च्या जागी ब, न च्या जागी द, आणि तरी, मी तुम्हाला काय सांगू, एकेक शब्द कळत होता. मधेच तिने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, गिळलं नाही. कुठे घाई नाही. माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते, आवाज न करता. आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचेही.

मला वाटलं होतं, मी तिला शिकवलं. तसं नव्हतं. आमच्या घरात, त्या भट्टीसमोर, तिने एकटीने शिकून घेतलं होतं की घाबरायचं नाही, आणि काम पुरं झाल्याशिवाय हात काढून बघायचं नाही.

शेवटचं कडवं आलं. नावाडी काठाला लागतो. तिने हात काढला. काही नाही, विहीणबाई. एक थेंब नाही. ती उभी राहिली, टोपी सारखी केली, आणि शेवटच्या दोन ओळी पुन्हा म्हटल्या, आपल्या स्वतःच्या मोकळ्या आवाजात, म म्हणजे म आणि न म्हणजे न. हॉल उभा राहिला. बिसेनिया बाई डोळे पुसत म्हणाल्या, "चार ओळी सांगितल्या होत्या मी." आणि शेजारच्या त्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की ती अजून दुखते आहे. मी सांगितलं, "माझी नात." दोनदा सांगितलं. बाहेर जाताना अनोळखी माणसांनाही सांगितलं.

म्हणून तुम्हाला विनंती नाही, पण माहिती देतो. ही पोर जिथे राहील तिथे तिचं भागेल. तुमच्याकडे गेली तर तुमची हवा तिला मानवेल, यात शंका नाही. पण ती जाऊ नये, असं मला वाटतं. हे मी आजवर लिहिलं नव्हतं. आज लिहितो. भट्टी ओली करता येते हे मी दाखवलं. घर रिकामं झालं तर काय करायचं, ते मला येत नाही, आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बाहेर टॅक्सी थांबली. क्रस्तो असणार, गाडी वेळेवर आलेली दिसते. स्मिलिया खिडकीशी धावली. म्हणते, "आजोबा, क्रस्तोमामा नाहीये."

मी उठून पाहतो आहे आणि उभ्या-उभ्या लिहितो आहे. काळा कोट, त्यावर शाल, डोक्याला दोन रुमाल, एक हात टॅक्सीच्या टपावर आणि एक बोट ड्रायव्हरच्या नाकासमोर. तुम्ही त्याला सांगताय, हळू, अरे हळू, ते शिवणयंत्र आहे, बटाट्यांचं पोतं नाही. त्याच्या मागे पिसांची रजई, दोरीने बांधलेली. त्याच्या मागे इस्त्री.

दोन दिवसांसाठी नात न्यायला आलेली बाई शिवणयंत्र कशाला आणेल, असं स्मिलिया मला विचारते आहे. मी तिला म्हटलं, तूच जाऊन विचार.

दार वाजतंय.